दिवाळीनंतर येणारी मुलं आणि आपल्या वाडीतली शाळा

सुरंगी

रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेळापत्रक सांगायला नको. नवरात्र सरलं की आंबा बागायतदारांकडे नेपाळी राखणदार यायला लागतात. चिरेखाणींतलं पावसाचं पाणी उपसून झालं की विजापूर, बागलकोट, गदगकडची कुटुंबं मुकादमाबरोबर उतरतात. रस्ते, पूल, बंगले यांची कामंही पाऊस थांबल्यावरच जोर धरतात. आणि ही सगळी माणसं मे अखेरपर्यंत, फार तर मिरग लागेपर्यंत इथे असतात. पुष्कळांबरोबर मुलं असतात.

आता शिक्षण खात्याचं वेळापत्रक बघा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. शाळाबाह्य मुलांचा राज्यभर एका दिवसात शोध घेतला गेला तो ४ जुलै २०१५ ला. ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ झालं ते ५ ते २० जुलै २०२२ या काळात. जुलैत आपल्याकडे खाणी पाण्याने भरलेल्या असतात, बागांत कुणी नसतं आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्यानंतर येते संचमान्यता. कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरतं ३० सप्टेंबरच्या पटावर. तेव्हाही ही मुलं इथे पोचलेली नसतात.

म्हणजे जुलैत आणि सप्टेंबरात ही मुलं आपापल्या गावच्या पटावर बरोबर दिसतात, आणि नोव्हेंबरात ना तिथल्या वर्गात असतात ना इथल्या. ‘आमच्या तालुक्यात शाळाबाह्य मूल नाही’ असं अधिकारी सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांनी मोजलं त्या दिवशी खरंच नव्हतं.

याच तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पटावर बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली आहेत. पटसंख्या नाही म्हणून शाळा बंद होणार, शेजारच्या शाळेत विलीन होणार, या धास्तीत आख्खी वाडी असते. इमारत आहे, शिक्षक आहेत, खिचडी शिजते, मैदान आहे. आणि त्याच शाळेच्या वरच्या अंगाला, कलमांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणदाराच्या खोपटात, सहा-सात वर्षांचं मूल दिवसभर बसून आहे. मला हे बघवत नाही.

गेल्या हंगामात आम्ही गावातल्या काही बायका मांगर आणि खाणीवरच्या झोपड्या फिरलो. अडचण भाषेची असेल असं वाटलं होतं. ती आहेच, पण पहिली नाही. पहिली अडचण धाकटी भावंडं. आई-बाप दोघं कामावर, तान्हं आणि दोन-तीन वर्षांचं पोर घरात, त्यांना सांभाळायला नऊ-दहा वर्षांची मुलगी. ‘हिला शाळेत पाठवा’ म्हटलं की आई विचारते, मग याला कोण बघणार? या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय तिच्यापुढे शिक्षणाचं महत्त्व सांगत बसण्यात काही अर्थ नाही. आमच्या अंगणवाडीताईंनी तीन वर्षांच्या भावाला घेतलं तेव्हा कुठे बहीण शाळेत गेली. तान्ह्याला आई कामावर झोळीत घेऊन जाते.

दुसरी गोष्ट पालकांच्या मनातली. ‘चार-सहा महिन्यांसाठी कुठे नाव घालायचं, ते धरणार आहे का कुणी?’ दाखला तिकडे गावच्या शाळेत, इथे नाव लागलं तर तिथलं कापलं जाईल ही भीती. शाळेलाही तीच चिंता, फक्त उलट बाजूने.

माझं म्हणणं एवढंच आहे. खातं जुलैत मोजतं तर मोजू दे. आपल्या गावात ग्रामपंचायत आणि शाळा यांनी मिळून दिवाळीनंतरच्या आठ-पंधरा दिवसांत स्वतः एकदा मोजावं आणि सापडलेलं प्रत्येक मूल दुसऱ्या दिवशी शाळेत बसवावं. कुणाकडे असं झालंय का? नियमांचं काय? जाणकारांनी लिहा, इतरांनी अनुभव लिहा.

निवांत_गुहागर

वाचतोय. फार गरजेचा धागा.

लांजेकर_गुरुजी

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. नियमांचं सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यातलं कलम १५ सांगतं की प्रवेशाची मुदत संपून गेल्यावर मूल आलं तरी त्याला नाकारता येत नाही. नोव्हेंबर असो की फेब्रुवारी. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, आणि जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर करतो त्याच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम ९ मध्ये तर स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत ‘स्थलांतरित कुटुंबांतील बालकांचा प्रवेश’ हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. आधारबद्दलही सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर शंका उरायला नको. आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

हे सगळं असूनही शाळा का कचरतात? आमची बाजू समजून घ्या. नाव दाखल केलं की मूल खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवावं लागतं. आधीच्या शाळेने तिकडून सोडल्याशिवाय ते आमच्या यादीत येत नाही. आधार जुळलं नाही तर संचमान्यतेला ते मूल धरलं जात नाही. आणि मे महिन्यात ते न सांगता निघून गेलं की जूनमध्ये आमच्या नावावर एक शाळाबाह्य मूल. सतत महिनाभर गैरहजर म्हणजे शाळाबाह्य, अशी आपल्याकडची व्याख्या आहे. त्यामुळे चांगल्या मनाचा शिक्षकसुद्धा म्हणतो, ‘बसू दे वर्गात, नाव नको.’

माझा अनुभव असा की ‘बसू दे’ हा मार्ग मुलाच्या तोट्याचा आहे. नाव नसलं की पुस्तकं नाहीत, मूल्यमापन नाही, परत जाताना हातात कागद नाही, आणि दोन दिवस आलं नाही तर कुणी विचारायलाही जात नाही. नाव घाला, शेऱ्यात ‘स्थलांतरित’ लिहा, मूळ शाळेचं नाव आणि मुख्याध्यापकांचा नंबर लिहून ठेवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात आलेल्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. मूळ शाळेने ते भरून द्यायचं, आपण त्यावर प्रवेश द्यायचा, परत जाताना आपण भरून द्यायचं. परराज्यातल्या मुलासाठी तशी सोय नसली तरी शाळेच्या शिक्क्यानिशी हजेरी आणि प्रगतीचं पत्र द्यायला कुणी अडवलेलं नाही. मी ते साध्या कागदावर देतो आणि तिकडच्या गुरुजींना फोन करतो. विजापूरकडच्या एका शाळेतले सर तर आता दसऱ्याच्या सुमारास स्वतःच फोन करून सांगतात, अमुक मुलं निघाली, तुमच्याकडे येतील.

कलमवाला_देवगड

सुरंगीताय, तुमचा म्हणणा माका पटता. बागायतदाराची बाजू सांगतंय. राखणदार दोन तऱ्हेचे. एकटो येणारो आणि बायको-पोरांक घेवन येणारो. कुटुंबवालो मदीच सोडून जायत नाय, म्हणान बागायतदार तेकाच पसंत करता. म्हणजे कुटुंब हयसर आसणा आमच्याच फायद्याचा. मगे तेंच्या पोरांच्या शाळेचा बघणा पण आमचाच काम.

खरी अडचण फेब्रुवारीनंतर. फळ धरला की वांदरांचो त्रास. तेव्हा कायजण पोरांक डबो वाजवक बागेत उभी करतत. ह्या आमी बागायतदारांनीच बंद करूक व्हया. राखणेचे पैशे बापाशीक दितंव, पोराक नाय. आमच्या वाडीत तिघा-चौघांनी मिळान ठरवला, सकाळी बागेत येणारी गाडी परत जाताना पोरांक शाळेकडे सोडतली. संध्याकाळी चलत येतत, सगळी एकत्र.

सुरंगी

कलमवाले दादा, हे वाचून बरं वाटलं. गाडीची कल्पना आमच्याकडे उचलते. राखणदार कुटुंबाशी बोलणी होतात तेव्हाच बागायतदाराने सांगावं, ‘मुलं आण, पण सहा वर्षांवरची शाळेत जातील.’ बाहेरच्या शंभर माणसांनी सांगण्यापेक्षा मालकाने एकदा सांगितलेलं जास्त चालतं.

गुरुजी, ‘बसू दे, नाव नको’ बद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. आमच्याकडेही आधी तसंच चाललं होतं.

वाडीवरून

माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो. आमच्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतात. त्यात ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामं, प्रशिक्षणं. आमच्या मुलांनाच पुरेसा वेळ मिळत नाही. नोव्हेंबरात मराठीचा गंध नसलेली पाच-सहा मुलं त्याच वर्गात आली तर शिक्षकांचा वेळ कुणाकडे जाणार? आमच्या मुलांचं नुकसान कोण भरून देणार? परराज्यातल्या, परदेशातल्या मुलांची जबाबदारी त्यांच्या सरकारांनी घ्यावी. मला त्या मुलांबद्दल राग नाही. पण आधी घरातल्यांचं ताट वाढा.

लांजेकर_गुरुजी

वाडीवरून, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. वर्गातला भार वाढतो. ३० सप्टेंबरनंतर आलेल्या मुलांसाठी त्या वर्षी शिक्षक मिळत नाही, हेही खरं. कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलेलं आहे आणि तुमच्याकडे एकच आहेत, म्हणजे तुमच्या मुलांवर अन्याय आधीपासून चालू आहे. तो या मुलांनी केलेला नाही. मला वाटतं तुमचा आणि सुरंगीताईंचा अर्ज एकच असायला हवा. हंगामी स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत डिसेंबरचा पटही मोजा आणि हंगामापुरता जादा माणूस द्या.

कायदा ‘सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक बालक’ म्हणतो. त्यात नेपाळचं मूलही आलं.

शिकवण्याबद्दल थोडं. नेपाळी मूल तिकडे शाळेत गेलेलं असेल तर त्याला देवनागरी वाचता येते, कारण नेपाळीची लिपी तीच आहे. अंकही तेच. त्याला अर्थ कळत नाही, पण फळा वाचता येतो, म्हणजे निम्मं काम झालेलं असतं. आमच्याकडचा असा एक मुलगा आठवडाभरात धडा मोठ्याने वाचायला लागला आणि महिन्या-दीड महिन्यात गोष्ट सांगायला लागला. कर्नाटकातल्या मुलाचं उलटं. लिपी नवी. पण गणित येत असतं. फक्त त्याने 1, 2, 3 असे आकडे शिकलेले असतात आणि आपल्या फळ्यावर १, २, ३. मी पहिले पंधरा दिवस दोन्ही आकडे लिहितो. एवढ्याने ते मूल हात वर करायला लागतं. गणिताच्या तासाला सुरुवातीला या मुलांना पुढे करावं, तिथे ती वर्गाच्या बरोबरीने असतात. मराठी हळूहळू येते, आणि ती माझ्यापेक्षा मधल्या सुट्टीत जास्त येते.

कोकणकन्या_एस७

वाडीवरून यांना एक सांगावंसं वाटतं. मी दक्षिण रत्नागिरीतली, वाढले परळला. आमच्या आजोबांची पिढी गिरणीत लागली ती गावाकडे शिक्षण अर्धं टाकून. गिरणगावात रात्रशाळा होत्या म्हणून त्यांच्यातले कितीतरी जण दिवसा खात्यात काम करून मॅट्रिक झाले. मुंबई महापालिका आजही आठ माध्यमांत शाळा चालवते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. बाहेरून कामाला आलेल्यांची मुलं शिकली पाहिजेत हे त्या शहराने मान्य केलं, त्याचा फायदा घेतलेल्यांत कोकणी माणूस पहिल्या रांगेत होता.

वाडीवरून

हे मान्य आहे. माझा विरोध मुलांना नाही, एका शिक्षकावर सगळं टाकण्याला आहे. डिसेंबरच्या पटाचा अर्ज करणार असाल तर माझी सही घ्या.

तांडा_टू_तालुका

मी लमाणी. मूळ तांडा विजापूर जिल्ह्यातला. आई-वडील आधी रस्त्याच्या कामावर, मग चिरेखाणीवर. आता आम्ही कुडाळ तालुक्यात स्थायिक आहोत, मी दुकान चालवतो. या धाग्यावर आमच्या बाजूने कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. मराठी शाळेतच शिकलोय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

आमच्या मुलाच्या घरात लमाणी, गावच्या शाळेत कन्नड, इथे मराठी. ते मूल मंद नसतं, तिसऱ्या भाषेत पहिलं पाऊल टाकत असतं. गप्प बसलं म्हणून त्याला खालच्या वर्गात बसवू नका. दहा वर्षांच्या पोराला पहिलीतल्या लहानग्यांबरोबर बसवलं तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला लाज वाटते. मला वाटायची.

दुसरं, पोरं चिडवतात. नावं ठेवतात, कपड्यांवरून, बोलण्यावरून. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी एक जोडीदार ठरवून दिला तर हे अर्ध्यावर येतं. माझ्या शेजारी बसणारा मुलगा वाडीतला, त्याच्या घरी मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेवलो होतो. आम्ही अजून मित्र आहोत.

तिसरं मुकादमाबद्दल. आमचे लोक मुकादमाकडून उचल घेऊन येतात. ती फिटेपर्यंत घरातला प्रत्येक हात कामाला लागावा असं त्याला वाटतं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा चिरे उचलायला, रचायला लागतो. हे बेकायदा आहे हे खाणमालकाला माहीत असतं. ग्रामपंचायतीने फक्त मुलांची यादी करून खाणमालकाला एक प्रत दिली, तरी खूप फरक पडतो. कुणीतरी मोजतंय एवढं कळलं पाहिजे.

लांजेकर_गुरुजी

तुमच्या पहिल्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गातच प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, किमान तीन महिने आणि गरज पडली तर दोन वर्षांपर्यंत. दहा वर्षांचं मूल म्हणजे पाचवी. पाटी कोरी असली तरी पाचवी.

आणि तुमचं मराठी उत्तम आहे.

पेणची_माई

उत्तर कोकणातून लिहिते. तुमच्याकडे मुलं येतात, आमच्याकडून जातात. रायगडमधल्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर, काही कर्नाटकापर्यंत. घराला कडी आणि ओट्यावर एखादी म्हातारी. शाळेच्या पटावर नावं तशीच, वर्गात चार मुलं.

आमच्याकडे दोन प्रकार झाले. मराठवाड्यात ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृहं चालतात, आई-बाप गेले तरी मूल गावात राहून शिकतं. तसंच कातकरी मुलांसाठी व्हावं म्हणून आम्ही प्रयत्न केले. आजी सांभाळायला असेल तिथे जमतं. पण कातकरी आई सहा-सात वर्षांचं मूल मागे ठेवायला सहजी तयार होत नाही, आणि मला तिचं चूक वाटत नाही. दुसरा प्रकार कामाच्या जागी शाळा. जुन्या ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा (भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची झोपडी) चालवल्या, त्यातून कितीतरी मुलं पुढे सरकारी शाळांत गेली. साखर कारखान्यांवर साखरशाळा होत्या. जिथे एका जागी पन्नास-शंभर मुलं आहेत आणि जवळ शाळा नाही, तिथे हाच मार्ग.

तुमच्याकडे दोन मुलं या मांगरात, तीन त्या खाणीवर, आणि हाकेच्या अंतरावर शाळा. तिथे वेगळा वर्ग काढू नका. हौसेने संध्याकाळचे वर्ग सुरू होतात, फोटो निघतात, मार्चमध्ये कार्यकर्ते पांगतात. ज्या शाळेला पगारी शिक्षक, खिचडी आणि हजेरीपट आहे तिथेच मूल जाऊ दे. आपली मेहनत त्याला तिथे पोचवण्यात आणि टिकवण्यात घाला.

सुरंगी

माई, संध्याकाळच्या वर्गांचा विचार आमच्याही मनात होता. तुमचं वाचून तो बाजूला ठेवते. शाळा सुटल्यावर तासभर मराठी बोलण्याचा सराव, गोष्टी, खेळ, एवढंच शाळेच्याच ओट्यावर करू. त्यासाठी गावातली डी.एड. झालेली आणि घरी असलेली एक मुलगी तयार आहे. ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी दहा टक्के खर्च करायचा असतो, त्यातून तिला हंगामापुरतं मानधन देता येईल का यावर ग्रामसभेत बोलणार आहे. फुकट राबवून घ्यायचं नाही हे आमचं ठरलेलं आहे.

चाकरमानी_डोंबिवली

आम्ही गाववाले इथून पैसे जमवू शकतो. दप्तरं, वह्या, गणवेश पाठवू का?

सुरंगी

दादा, पाठ्यपुस्तकं शाळेतून मिळतात, खिचडी मिळते. दप्तरांची पण फारशी कमतरता नाही, दरवर्षी कुणी ना कुणी वाटून जातं. खरंच मदत करायची तर दोन गोष्टी. मुलांच्या पायात चपला नसतात आणि खाणीवरून शाळेपर्यंतचा रस्ता कातळावरून आहे, मार्चमध्ये पाय भाजतात. साइझ घेऊन चपला. दुसरं, अंगणवाडीत धाकट्यांसाठी सतरंज्या आणि झोळीचं कापड. अंगणवाडी नीट चालली की मोठ्या बहिणी सुटतात.

आणि कन्नड गोष्टींची पुस्तकं कुणाला मिळवता आली तर हवीत. बालभारती कन्नड माध्यमाची पाठ्यपुस्तकं काढते, सोलापूर-सांगलीकडच्या शाळांसाठी. ती तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. आम्ही काही धडे छापून घेतले. मुलं इथे मराठी शिकताना तिकडचं वाचन विसरू नयेत, जूनमध्ये त्यांना त्याच वर्गात परत बसायचं असतं.

चाकरमानी_डोंबिवली

चपलांचं नक्की. मापं कळवा, गणपतीत येतो तेव्हा बोलू, मुलं आल्यावर पाठवतो.

हर्णै_बंदर

बंदरावरचं चित्र थोडं वेगळं. खलाशी बहुतेक एकटे येतात, कुटुंब नसतं. पण खलाश्यांत पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतात, ती सातवी-आठवीतून सुटलेली. चौदाच्या वर गेली म्हणून हक्क कायद्यात बसत नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. जून-जुलैत बोटी वर काढलेल्या असतात, तेव्हा निदान इथे थांबणाऱ्यांना शिकायला वेळ असतो.

लांजेकर_गुरुजी

त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावीच्या पातळीची परीक्षा घरबसल्या तयारी करून देता येते. थेट दहावीला बसायचं असेल आणि पाचवीपुढे शाळा सुटलेली असेल तर सतरा नंबर फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. जवळच्या माध्यमिक शाळेत चौकशी करा. बंदरावर एखादी खोली आणि भरतीच्या वेळा सांभाळून शिकवणारा एक माणूस मिळाला तर हे होण्यासारखं आहे.

अंगणवाडीताई_राजापूर

सुरंगीताई, अंगणवाडीबद्दल लिहिलंत म्हणून लिहिते. आम्हाला लाभार्थ्यांची यादी ऑनलाइन भरावी लागते. बाहेरून आलेली मुलं नोंदवता येतात, पण आईजवळ मोबाइल नंबर टिकत नाही, आधार गावी राहिलेलं असतं. तरी मी कुणाला परत पाठवत नाही. गरम आहार देते, वजन घेते. कमी वजनाची मुलं यांच्यातच जास्त सापडतात. आईला सांगते, बाळाला घेऊन ये, लस पण इथेच देऊ. एकदा आई आली की मोठ्या मुलांची माहिती आपोआप कळते. शाळेच्या सर्वेक्षणाला माझं रजिस्टर घ्या, मला ही कुटुंबं शिक्षकांच्या आधी माहीत असतात. आशाताईंनाही विचारा.

सुरंगी

हे सोन्यासारखं आहे. म्हणजे दिवाळीनंतरच्या मोजणीला शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई, पोलीसपाटील आणि एक बागायतदार असे पाच जण एकत्र निघाले तर वाडीवार यादी दोन दिवसांत होईल. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. हंगामापुरता तरी या कुटुंबांतल्या एका आईला बैठकीला बोलवायचं असंही सुचवणार आहे. मत द्यायला नाही तर निदान तिची अडचण सांगायला.

वाडीवरून, डिसेंबरच्या पटाचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेकडे जाईल. मसुदा झाला की इथे टाकते, दुरुस्त्या सुचवा.

वाडीवरून

अर्जात एक घाला. ‘स्थानिक मुलांच्या अध्यापनाचे तास कमी होऊ नयेत म्हणून’ हे वाक्य असू दे. म्हणजे गावातली माणसं सह्या करतील.

सुरंगी

घालते. योग्य आहे.

तांडा_टू_तालुका

एक विचारायचं राहिलं. ओळखीतल्या खाणीवर एक मुलगी आहे, गावी सातवी झाली, हुशार आहे. इथे हायस्कूल सहा किलोमीटरवर, खासगी अनुदानित. तिथे गेलो तर ‘दाखला आणा मग बघू’ म्हणाले. गावचे सर दाखला देतो म्हणतात पण पोस्टाने यायला वेळ. तिचं वय तेरा. आई म्हणते आता राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काही होणार नाही हे मला माहीत आहे.

लांजेकर_गुरुजी

तेरा वर्षं म्हणजे ती कायद्याच्या आत आहे आणि आठवीचा वर्गही आत आहे. शाळा अनुदानित असली तरी कलम ५ लागू. उद्याच असं करा. गावच्या सरांकडून सातवीच्या निकालाचा आणि दाखल्याचा फोटो मोबाइलवर मागवा, त्याची छापील प्रत काढा. वडिलांच्या नावे साधा अर्ज लिहा, त्यात ‘मूळ दाखला प्राप्त होताच सादर करू’ असं वाक्य टाका. दोन प्रती, एकीवर शाळेची पोच घ्या. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच प्रश्न सुटतो, कारण लेखी नकार कुणी देत नाही. दिलाच तर ती प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तिथेही अडलं तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते.

नाव लागलं की शाळेकडून बोनाफाइड घेऊन एसटी आगारात जा. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे सहा किलोमीटरचा खर्च पडायला नको. सकाळची गाडी खाणीच्या फाट्यावर थांबते का ते आधी बघा. थांबत नसेल तर आगारप्रमुखांना ग्रामपंचायतीचं पत्र द्या.

अर्ज लिहिताना अडलात तर व्यक्तिगत निरोपात मला कळवा, मी लिहून देतो.

तांडा_टू_तालुका

सरांना आत्ताच फोन केला. दाखल्याचा फोटो रात्री पाठवतात. उद्या दुकान उशिरा उघडतो, वडिलांना घेऊन शाळेत जातो.